घरच्यांसाठी बैठा खेळ करायचा तर नियम घरातूनच उचला

कोल्हापुरात कुणालाही विचारा, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं की धास्ती घ्यायची. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे शाळकरी पोरापासून आजीपर्यंत सगळ्यांना पाठ. आता एका कागदावर ३० ते ४५ अशी घरं एकावर एक काढा. ३९ वर पिवळी रेघ ओढा, ४३ वर तांबडी. पावसाचं पान उलटायचं आणि सोंगटी वर सरकवायची. भोवती बसलेल्यांना या रेघांचा अर्थ समजावत बसावं लागत नाही. विकतच्या खेळाला जे सांगायला नियमपुस्तिकेचं एक अख्खं पान लागतं, ते इथं सगळ्यांना आधीच ठाऊक असतं.

आपल्या माणसांसाठी खेळ करणाऱ्याकडं हेच मोठं भांडवल आहे, आणि बहुतेकजण ते वापरतच नाहीत. ‘व्यापार’चा पट घ्यायचा, शहरांच्या जागी राजारामपुरी, शाहूपुरी, गंगावेश लिहायचं, झाला कोल्हापूरचा खेळ! पहिल्या डावाला हसू येतं, दुसऱ्या डावाला नावं कुणी वाचतही नाही. नावं बदलली तरी डाव तोच राहतो. विषयातून नियम निघाला नाही तर विषय पटावर नुसता रंगासारखा फासलेला राहतो.

म्हणून विषय निवडताना एकच प्रश्न विचारायचा: या कामात माणूस नेमका कुठं अडतो? ‘आता थांबू की अजून थोडं पुढं जाऊ’ असा क्षण त्यात आहे का? तो सापडला की खेळाचं मधलं चाक सापडलं.

कोल्हापूरच्या घरांत असा एक विषय हमखास असतो, तो म्हणजे गुऱ्हाळ. रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, चढतो, भेंडीच्या चिकानं मळी वर येते, ती काढून टाकतात, खाली चुलवाणात चिपाडं जळत असतात. साधारण १०५ अंशांच्या पुढं उतरवला तर काकवी मिळते. ११८ च्या आसपास आला की गूळ. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. काकवीची वेळ टळली आणि गुळापर्यंत पोचण्याआधीच उतरवलं, तर धड काकवी नाही आणि रवाही धरत नाही. जास्त झालं की करपला. नशिबावर पैज लावायच्या खेळाला याहून चांगला सांगाडा शोधून सापडायचा नाही, कारण मधे एक फसवा टप्पा आहे: काकवी सोडली की मागं फिरता येत नाही.

आता हे पानांत उतरवू. आचेची ३२ पानं: १ ची सहा, २ ची आठ, ३ ची आठ, ४ ची सहा, ५ ची चार. ज्याचं आधण (काहिलीत एकदा चढवलेला रस, म्हणजे इथं एक पाळी) असेल तो एकेक पान उलटतो आणि काहिलीची सोंगटी तितकी घरं पुढं नेतो. घरं शून्य ते वीस. १० ते १३ मधे थांबला तर काकवी, ३ गुण. १४ ते १८ मधे थांबला तर मऊ गूळ, १ गुण. १९ किंवा २० वर थांबला तर एक नंबर गूळ, ५ गुण. वीसच्या वर गेलं की करपलं, शून्य. पहिल्या दहा घरांत थांबताच येत नाही, कारण नुसत्या रसाला गुण नाहीत.

हे आकडे असेच का, ते सांगतो, कारण घरच्या खेळांचा घोटाळा इथंच होतो. गुळाची घरं तीन ठेवली असती, म्हणजे १८, १९, २०, तर काकवी सोडून पुढं जाणाऱ्याला शंभरात सुमारे ८४ वेळा गूळ लागला असता. मग काकवीवर थांबतो कोण? सगळेच डोळे झाकून पानं उलटत राहतील आणि खेळ संपेपर्यंत कुणाला एकही निर्णय घ्यावा लागणार नाही. घरं दोन केली की हे प्रमाण शंभरात ६४ च्या आसपास येतं. पाच गुणांना ६४ टक्क्यांनी गुणा, ३.२ येतात. काकवीचे हमखास ३ आणि गुळाचे सरासरी ३.२. फरक एवढासा राहिला की माणूस खरोखर विचारात पडतो. कुठल्याही ‘थांबू की जाऊ’ खेळात हमखास मिळणारे गुण आणि धोक्याची सरासरी अशी जवळजवळ ठेवायची. धोक्याची बाजू किंचित जड असावी, नाहीतर सगळे भित्रे खेळतात आणि डाव थंड पडतो.

गणित जमत नसेल तर हातानं करा. पन्नास वेळा आधण लावून बघा, कधीच थांबायचं नाही असं ठरवून, आणि किती वेळा १९-२० लागतो त्याच्या रेघा मारा. तासाभराचं काम आहे, पण पट रंगवायच्या आधी करायचं.

एक मोह सगळ्यांना होतो, तो म्हणजे भर घालण्याचा. भेंडीचं पान हवं, ते मिळालं तर गुळाला एक गुण जास्त. ऐकायला छान. पण पाचाचे सहा झाले की सरासरी ३.८ च्या वर जाते आणि काकवी पुन्हा मेली. भर घालायचीच तर दुसऱ्या पारड्यातही काहीतरी टाकावं लागतं. निदान पहिले दहा-बारा डाव तरी असंच खेळू द्या.

पानांची बेरीजही मुद्दाम जुळवलेली आहे. ३२ पानांतली सगळी आच मिळून ९० भरते. चार भिडूंची चार आधणं साधारण ८० च्या आसपास जातात. म्हणजे एक फेरी संपता संपता गड्डी संपत येते, आणि प्रत्येक फेरीला एकदाच पिसावं लागतं. पडलेली पानं उघडी ठेवायची. शेवटच्या भिडूला ती दिसतात, म्हणून त्याला सगळ्यात जास्त माहिती असते. पाचाची चारही पानं पडून गेली असतील तर तो सोळावर उभा असूनही निवांत असतो. हा फायदा खरा आहे, म्हणून सुरुवात करणारा दर फेरीला बदलायचा, आणि फेऱ्या भिडूंच्या संख्येच्या पटीतच ठेवायच्या: चौघांत चार किंवा आठ. सहा फेऱ्या खेळलात तर दोघांना शेवटची जागा जास्त वेळा मिळते, आणि ते घरातलं सगळ्यात चौकस पोरगं बरोबर पकडतं. पाच भिडू असतील तर ४० पानं करा: १ ची सात, २ आणि ३ ची दहा-दहा, ४ ची आठ, ५ ची पाच.

आता वेळ. एक आधण म्हणजे सरासरी सात पानं, बोलत-बोलत एक मिनिट. चार जण, चार फेऱ्या, वीस-पंचवीस मिनिटं. आठ फेऱ्यांना पाऊण तास. हे ठीक आहे, पण प्रत्येकाला आपल्या पाळीसाठी तीन मिनिटं थांबावं लागतं, आणि तीन मिनिटांत मोबाइल हातात येतो. त्याला उपाय अंदाज. सोंगटीनं १३ ओलांडलं की बाकीच्यांनी आपापला चिंचोका ‘लागणार’ किंवा ‘करपणार’ या खणात ठेवायचा. ‘लागणार’ बरोबर आलं तर १ गुण, ‘करपणार’ बरोबर आलं तर २. दोन्हीला एकेक ठेवला असता तर सगळ्यांनी दरवेळी ‘लागणार’च धरलं असतं. तरी एक गोम उरते: सोंगटी १३ वरून उडी मारून थेट १८ वर आली तर करपण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. ज्याला हे दिसतं त्याला दोन गुण मिळू द्या, ते त्याचं कसब आहे. आधणवाला मधेच मऊ गुळावर थांबला तर कुणालाच काही नाही. असल्या कोपऱ्यातल्या प्रसंगाचा नियम आधीच लिहून ठेवा, कारण भांडण नेमकं तिथंच होतं.

हे सगळं तपासायला छापखान्यात जायची गरज नाही. पत्त्यांचे दोन जुने कॅट घ्या. त्यातून सहा एक्के, आठ दुऱ्या, आठ तिऱ्या, सहा चौऱ्या, चार पंजे वेगळे काढा. झाली गड्डी. वहीच्या पानावर शून्य ते वीस घरं, सोंगटीला गोटी, गुणांना शेंगदाणे. पहिला नमुना जितका ओबडधोबड तितका चांगला. सुबक रंगवलेलं पान फाडायला हात धजत नाही, आणि या टप्प्यावर फाडाफाडीच जास्त असते.

तपासणी तीन पायऱ्यांनी. आधी एकट्यानं चारही हात खेळायचे. यात नियमांतली भोकं दिसतात, मजा आहे की नाही ते कळत नाही. मग एका समंजस माणसाबरोबर, जो मधेच थांबवून ‘असं का?’ विचारेल. मग खऱ्या माणसांसमोर, आणि इथं खेळ करणाऱ्यानं गप्प बसायचं. नियम एकदा सांगून झाले की तोंड बंद आणि हातात वही. कुणी काय विचारलं, कुणी चुकीचं खेळूनही कुणाच्या लक्षात आलं नाही, कोण कधी उठून चहा टाकायला गेलं, एवढं लिहायचं. एकच प्रश्न दोघांनी विचारला तर दोष नियमात आहे. चुकीचं खेळूनही सगळ्यांना मजा आली असेल तर त्या चुकीलाच नियम करायचा विचार गंभीरपणे करा. ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. आपली माणसं ‘छान’ म्हणतात. ‘अजून एक डाव लावायचा का?’ असं विचारा आणि तोंडाकडं बघा.

दोन डावांमधे एका वेळी एकच गोष्ट बदला. गुणही बदलले आणि पानंही बदलली तर फरक कशानं पडला ते कळत नाही. प्रत्येक नियमाच्या कागदावर तारीख टाका, नाहीतर महिनाभरानं तीन कागद सापडतात आणि कुठला शेवटचा यावरून वाद होतो.

घरच्या खेळात हटकून येणारे काही रोग आहेत. भिडू बाद होणं हा सगळ्यात वाईट. दहा मिनिटांत बाद झालेलं पोरगं उरलेला अर्धा तास बाकीच्यांचा डाव उधळण्यात घालवतं. कुणालाही शेवटपर्यंत बाहेर काढू नका. पुढं गेलेला पुढंच राहणं हा दुसरा: गुणांनी अजून गुण मिळत असतील तर तिसऱ्या फेरीतच निकाल लागतो. आपल्या गुऱ्हाळात तसं होत नाही, कारण प्रत्येक आधण नव्यानं सुरू होतं. आणि खेळ कधी संपणार हे पहिल्या मिनिटाला सगळ्यांना माहीत असलं पाहिजे. ‘कुणीतरी ५० गुण करेपर्यंत’ यापेक्षा ‘चार फेऱ्या’ कधीही बरं, जेवायला पानं कधी घ्यायची ते स्वयंपाकघरालाही कळतं.

घरात हरल्यावर रडणारं लहान असेल तर सगळे मिळून एका बाजूनं खेळायचा खेळ करा. वर सांगितलेला पुराचा पट त्यासाठीच. पावसाची ३५ पानं आणि राधानगरीच्या स्वयंचलित दरवाजांची ७, कारण धरणाला तितकेच आहेत. दरवाजाचं पान आलं की पाणी जास्त चढतं. पानं नुसती पिसली तर कधी तीन दरवाजे लागोपाठ येतात आणि डाव पाच मिनिटांत बुडतो, कधी सगळे तळाशी राहतात आणि काहीच घडत नाही. म्हणून पावसाच्या पानांचे पाच-पाचचे सात गठ्ठे करा, प्रत्येकात एक दरवाजा घालून तो गठ्ठा वेगळा पिसा आणि मग सातही एकावर एक रचा. दरवाजे अंतराअंतरानं येतात, तरी नेमकं कधी ते कुणाला कळत नाही. संकटाची पानं असलेल्या कुठल्याही खेळात ही पद्धत चालते. हा विषय काढण्याआधी मात्र घरच्यांना विचारा. २०१९ आणि २०२१ चं पाणी ज्यांच्या उंबऱ्यातून आत आलं, त्यांना तो पट समोर नको वाटू शकतो.

डाव बसला, आता छपाई. पानाचं नेहमीचं माप ६३ बाय ८८ मिलिमीटर. ए-फोर कागदावर अशी नऊ बसतात. ३२ आचेची आणि प्रत्येक भिडूला गुणांच्या तक्त्याचं एक, अशी ३६, म्हणजे बरोबर चार कागद. पाच भिडूंचा खेळ ४५ पानांचा, पाच कागद. पानांची संख्या नवाच्या पटीत बसवायचा प्रयत्न करा. डिजिटल छपाईवाल्याकडं १२ बाय १८ इंची कागद असतो. कापताना पांढरी कड दिसू नये म्हणून चारही बाजूंना ३ मिलिमीटर रंग जास्तीचा सोडला, तर त्यावर आडवी १८ पानं येतात, म्हणजे ३६ पानांना दोनच कागद. ३०० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) आर्ट कार्ड सांगा आणि मॅट लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूनं केलं तर जुलैच्या दमट हवेत उघडी बाजू ओल धरते आणि पानं पापडासारखी वळतात. कोपरे ३ मिलिमीटरच्या कटरनं गोल करून घ्या, टोकदार कोपरा पिसताना आधी सोलतो.

पानाच्या पाठीला चौकट काढू नका. पाठपोट छपाई एक-दोन मिलिमीटर सरकतेच. मग एका पानाची कड जाड, दुसऱ्याची बारीक दिसते, आणि चौथ्या डावाला पाचाचं पान पाठीवरून ओळखू येतं. कडेपर्यंत जाणारी सरसकट नक्षी किंवा नुसता एक रंग बरा.

देवनागरीची एक गोष्ट सांभाळा. छपाईवाले वापरतात त्या जुन्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमधे युनिकोड मजकूर उघडला की जोडाक्षरं फुटतात. नेमका ‘गुऱ्हाळ’मधला ऱ्ह सगळ्यात आधी मोडतो. अक्षरांच्या आकृत्या करून पीडीएफच द्या, आणि छापायच्या आधी पडद्यावर एकेक शब्द वाचा. मुक्त किंवा बालू हे फॉन्ट फुकट मिळतात आणि लांबून नीट वाचता येतात. आकडा पानाच्या दोन कोपऱ्यांत, मोठा. मजकूर १४ पॉइंटच्या खाली नको, चाळिशी लागलेल्यांना मात्रा दिसत नाहीत. पिवळ्या दिव्याखाली तांबडा आणि नारिंगी सारखेच दिसतात, आणि काहींना तांबडा-हिरवा भेद कळत नाही, म्हणून रंगाच्या जोडीला खूण हवीच: काकवीच्या घरांवर थेंब, गुळाच्या घरांवर ढेप.

पट ए-फोरएवढा पुरतो. बाइंडिंगवाले वापरतात तो दोन मिलिमीटरचा पुठ्ठा घ्या. छापलेला कागद आधी लॅमिनेट करून मग चिकटवा. फेविकॉलमधे पाणी कमी घाला, ब्रशनं पातळ थर द्या, आणि पाठीमागंही तेवढाच कागद लावा. एकाच बाजूला कागद लावलेला पुठ्ठा वाळताना हमखास वाकतो. वर वह्यांचा गठ्ठा ठेवून एक रात्र दाबून ठेवा. घरं २२ मिलिमीटरची, सोंगटी १५ ची, म्हणजे घरातला आकडा झाकला जात नाही.

गुणांसाठी सुताराकडून १० मिलिमीटरची चौकोनी पट्टी आणून करवतीनं तुकडे पाडा, पॉलिश पेपरवर घासा. हे रवे. ६० लहान, एकेका गुणाचे, आणि २४ मोठे, पाचाचे. चिंचोके चालतात, पण आधी उन्हात चांगले वाळवा, नाहीतर डबीत कीड पडते. अंदाज लावायच्या खुणेसाठी चिंचोक्याऐवजी चप्पल लाइनच्या (कोल्हापुरी चपलांच्या बाजारातल्या) कारागिरांकडचे कातड्याचे उरलेले तुकडे फार छान दिसतात. २० मिलिमीटरच्या पंचनं गोल पाडायचे आणि प्रत्येकावर वेगळी खूण ठोकायची. हाताला वजन लागतं आणि पटावर टाकल्यावर आवाज येत नाही. फक्त पावसाळ्यात बंद डब्यात बुरशी धरतात, तेव्हा कापडी पिशवीत ठेवा.

नियमांचा कागद एकच, दोन्ही बाजूंचा. वर खेळ कधी संपतो आणि कोण जिंकतो, मग पाळीत काय करायचं, मग गुण, आणि शेवटी कोपऱ्यातले प्रसंग. हा क्रम उलटा केला तर ऐकणाऱ्याला प्रत्येक नियम कशासाठी ते शेवटपर्यंत कळत नाही. छापायला देताना त्याच गठ्ठ्यात नऊ कोरी पानं, नुसती पाठ छापलेली, जास्तीची घ्या. एखादं पान हरवतं किंवा चहात भिजतं. नंतर वेगळं छापून आणलं तर रंग आणि जाडी जुळत नाही, आणि ते पान पाठीवरून लगेच ओळखू येतं. कोऱ्या पानावर मार्करनं आकडा लिहिला की डाव त्याच संध्याकाळी पुढं चालू होतो.